मानवतच्या शिवारातील सात दिवस

नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही कचेरीतून सात दिवसांची रजा काढली आणि जालन्याहून नांदेडकडे जाणारी गाडी पकडली. परतूर मागे पडले, सेलू गेले आणि मानवत रोड स्थानक आले. नावात मानवत असले तरी हे स्थानक गावापासून बरेच लांब आहे. निजामाच्या काळात, सन १९०० च्या सुमारास, मनमाड ते सिकंदराबाद हा लोहमार्ग टाकला गेला. तेव्हा आगगाडीने आपली वाट सरळ ठेवली आणि गावांनी स्थानकापर्यंत चालत यावे असे ठरले. आजही उतरले की ऑटोची वाट पाहावी लागते. त्या वाटेतच दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीवर पांढरा कापूस फुटलेला दिसू लागतो.

आमच्यासोबत सहा विद्यार्थी होते. चार मुली, दोन मुलगे. त्यांतील एक आमची सख्खी भाची. शहरातील एका महाविद्यालयात ही मुले डिझाइन शिकतात. डिझाइन म्हटले की आपल्या घरात साडीची नक्षी किंवा लग्नपत्रिका डोळ्यांपुढे येते. आम्हांलाही तसेच वाटत होते. भाचीने समजावले, "मामा, माणूस जे काम करतो ते बघायचं, त्यात त्याला कुठं त्रास होतो ते शोधायचं आणि तो कमी होईल अशी वस्तू तयार करायची." त्यांच्या गटाला कापूस वेचणाऱ्या बायांसाठी झोळी तयार करायची होती. आमची सासुरवाडी मानवतजवळच्या एका खेड्यात. म्हणून ओळखपाळख करून देण्याचे काम आमच्याकडे आले.

मानवतचे नाव काढले की बाहेरची माणसे अजूनही १९७२ ते १९७४ या काळातील खून प्रकरणाची आठवण काढतात. २०२४ मध्ये त्यावर चित्रमालिकाही आली, त्यामुळे मुलांनीही गाडीत पहिला प्रश्न त्याचाच विचारला. मानवतच्या माणसाला मात्र मानवत म्हणजे कापसाची बाजारपेठ. हंगामात कापसाने भरलेले टेम्पो आणि ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला रांगेत उभे असतात. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते, प्रेसिंगमध्ये रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात. हवेत तंतू उडत असतात, ते हमालांच्या भुवयांवर बसतात. आम्ही मुलांना म्हटले, "जे शोधायला येतो तेच माणसाला दिसते. तुम्ही झोळी शोधायला आला आहात, हे ध्यानात ठेवा." तेव्हा हे बोलणे सहज तोंडून गेले होते. पुढे ते आमच्यावरच उलटले.

पाचपैकी पाच

मुलांनी येताना दोन गोष्टी आणल्या होत्या. एक प्रश्नावली आणि एक तयार झोळी. प्रश्नावलीत ४२ प्रश्न होते. छापील, स्वच्छ, पण कचेरीच्या मराठीत. "सध्याच्या साधनाविषयी आपण कितपत समाधानी आहात? एक ते पाच या प्रमाणात गुण द्या." संध्याकाळी शेतातून आलेल्या बाया ओसरीवर टेकल्या. कुणाच्या चुलीवर आधण, कुणाचे लेकरू मांडीवर. एकीने विचारले, "पाच म्हंजी चांगलं का वाईट?" चांगले, म्हटल्यावर तिने सगळ्या प्रश्नांना पाच गुण दिले. दुसरीने पाच दिले, तिसरीनेही पाच. मुले खूश झाली. रात्री आम्ही त्यांतील एका मावशींना खासगीत विचारले तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "एवढी लांबून पोरगी आली परीक्षेला. तिला नापास कशाला करायचं?"

झोळीचेही तसेच झाले. जाड कॅनव्हासची, दोन खांद्यांवर पट्टे, बाजूला पाण्याच्या बाटलीचा कप्पा. दिसायला देखणी. बायांनी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "लई छान." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपल्या नेहमीच्या जुन्या लुगड्याची ओटी कमरेला बांधून शेतात गेल्या. नवी झोळी खुंटीला लटकत राहिली.

भाची हिरमुसली. आम्हांला त्या वेळी बाबासाहेबांच्या चाळीसगावच्या अपघाताची आठवण झाली. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून ते धुळ्याकडे गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले. तिथल्या आपल्या माणसांनी टांगा आणायला फार वेळ लावला आणि कारण मात्र सांगितले नाही. टांगेवाला आपल्या माणसाला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी न्यायचे नाही म्हणून वस्तीतल्याच एकाने टांगा हाकायला घेतला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. खरी हकीकत त्यांना मागाहून कळली. जो गाऱ्हाणी शोधायला आला होता, त्याच्यापासूनच लोकांनी गाऱ्हाणे झाकून ठेवले. यात लबाडी कसलीच नव्हती. पाहुण्याचा मान राखायचा होता.

आम्ही ही हकीकत मुलांना सांगितली. गरीब माणूस पाहुण्यासमोर कमी बोलतो आणि गोड बोलतो. त्याचे "छान आहे" हे आधी स्वागत असते. मत त्याच्या बरेच मागे असते, तिथपर्यंत जायला वेळ द्यावा लागतो.

रांगोळीचा नकाशा

दुसऱ्या दिवशी मुलांनी गावाचा नकाशा काढायचे ठरवले. ही पद्धत आता आपल्या भागात नवी नाही. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. अशा विद्यापीठांतील विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून खेड्यात राहतात. गावकरी त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. चौकात रांगोळीने गाव काढायचे, विहिरी, रस्ते, शेते दाखवायची आणि हे काम गावकऱ्यांच्या हातून करून घ्यायचे, अशी ती रीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतातील संस्थांनीच ती वाढवली. रॉबर्ट चेंबर्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने ती जगभर नेली. त्याच चेंबर्सने १९८३ च्या आपल्या पुस्तकात एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. शहरातून येणारा अभ्यासू डांबरी रस्त्याच्या कडेचे गाव बघतो, पावसाळा टाळून येतो, पुढाऱ्यांशी आणि पुरुषांशी बोलतो आणि संध्याकाळच्या आत परततो. गरिबी मात्र रस्त्यापासून आत, पावसाळ्यात आणि बायकांच्या वाट्याला असते.

नकाशा पारासमोर काढला. पुरुष मंडळी उत्साहाने सांगत होती. मंदिर झाले, शाळा झाली, ग्रामपंचायत झाली, पाण्याची टाकी झाली. दोन तासांत मोठे सुंदर चित्र तयार झाले. मुलांनी छायाचित्रे काढली. आमची भाची कडेला उभी राहून बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "मामा, आपली घरं कुठं आहेत?"

खरोखरच नव्हती. ओढ्यापलीकडची पंचवीस-तीस घरे, विहार, हातपंप, काहीच नव्हते. कुणी मुद्दाम गाळली असे आम्ही म्हणणार नाही. सांगणाऱ्यांच्या पायाखाली ती वाटच नव्हती. वस्तीतल्या बाया पारापासून वीस पावलांवर उभ्या होत्या, पण त्यांतली एकही पुढे आली नाही. पार ही जागाच अशी, की तिथे कोणी पुढे यायचे हे आधीपासून ठरलेले.

तेव्हा भाचीने आपल्या गटाला सांगितले, की नकाशा पुन्हा काढायचा आणि वस्तीत काढायचा. रात्री जेवणे झाल्यावर विहारासमोरच्या अंगणात बायांनी रांगोळी हातात घेतली. हे गाव निराळेच निघाले. त्यात मंदिर नव्हते, टाकी नव्हती. शेताकडे जाणाऱ्या तीन पायवाटा होत्या. कुठल्या विहिरीवर पाणी पिऊ देतात ते होते. वेचणीच्या दिवसांत आडोशाला जायची बाभळीची जागा होती, आणि ती किती लांब आहे तेही होते. प्रत्येक शेताच्या बांधाला एक मोठे वर्तुळ होते. एका मुलाने विचारले, "हे काय, विहीर?"

"विहीर नाही बाबा, काटा हाय. हितं मापतेत."

४२ प्रश्नांत वजनकाट्याविषयी एकही प्रश्न नव्हता.

बोटांचे काम

तिसऱ्या दिवशी मुले स्वतः वेचणीला गेली. दवाने पऱ्हाट्या ओल्या होत्या. बायांनी साडीवरून पुरुषांचे जुने पूर्ण बाह्यांचे सदरे घातले होते. डोक्याला रुमाल, कमरेला ओटी. बोंड फुटून वाळले की त्याची टोके सुईसारखी होतात. ती नखांच्या कडेला घुसतात. दोन्ही हात दोन बोंडांवर एकाच वेळी चालले पाहिजेत, आणि कापसासोबत वाळलेल्या पानाचा चुरा येता कामा नये, कारण काडीकचरा आला की भाव उतरतो. भाचीने दुपारपर्यंत सहा किलो कापूस वेचला. शेजारच्या मावशींनी तेवढ्याच वेळात चौदा.

त्या दिवशी त्यांना त्यांच्या झोळीचा दोष कळला, आणि तो सांगायला कुणाची गरज पडली नाही. पाठीवर भार आला की वाकताना झोळी पुढे घसरते. खांद्याचा पट्टा पदर ओढतो. जवान मुलीला, सासुरवाशिणीला ते नको वाटते. ओटी पोटाशी असते, भार कमरेवर जातो, दोन्ही हात मोकळे राहतात आणि भरली की गाठ सोडून क्षणात रिकामी करता येते. एका मुलाने हातमोजे काढून दिले. सत्तरीच्या एका आजीने घालून पाहिले आणि परत केले. "बोटालाच कळतंय बाळा, पाला कंचा अन् कापूस कंचा. बोट झाकलं म्हंजी डोळा झाकला." नांदेड चव्वेचाळीस वाणाच्या काळापासून ही आजी वेचणी करते आहे. पुढे २००२ नंतर बीटी आले, भाव चढले-उतरले, यंत्रे आली. पण आपल्या देशात कापूस अजूनही जवळजवळ सगळा हातानेच वेचला जातो आणि ते हात बहुतेक बायांचे असतात.

मुलांच्या शिक्षणात एक जुना अहवाल शिकवतात, असे भाचीने बांधावर बसून सांगितले. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला तो दिला आणि त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. हे दांपत्य देशभर हिंडले आणि त्यांना सगळ्यांत सुंदर वस्तू कोणती वाटली, तर आपला लोटा. किती पाणी मावावे, कमरेवर कसा बसावा, ओतताना धार कशी पडावी, घासायला सोपा कसा असावा, हे सगळे पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी ठरवले. कुणा एकाचे नाव त्यावर नाही. भाची म्हणाली, "मामा, मग ही ओटीपण तशीच की. आम्ही तिला साधन म्हणून मोजलंच नव्हतं." आम्हांला त्या पोरीचे कौतुक वाटले.

काट्याखालचे सहाशे ग्रॅम

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सर्व मापाला थांबलो. तिवईला ताणकाटा टांगलेला. एकेक गाठोडे अडकवायचे, मालकाचा माणूस आकडा वाचणार, वहीत लिहिणार. त्या शेतावर वेचणी किलोला दहा रुपये होती. पंचवीस किलोचे गाठोडे असले तर वहीत चोवीस लिहायचे. एक किलो धडप्याचे, म्हणजे गाठोड्याच्या फडक्याचे. अशीच रीत होती आणि कुणी विचारत नव्हते.

मुलांपैकी एकाजवळ स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा होता. त्याने सहज रिकामे धडपे मोजले. एक ३८० ग्रॅम, एक ४१० ग्रॅम, एक ४२० ग्रॅम. म्हणजे सरासरी चारशे धरले तरी रोज सहाशे ग्रॅम कापूस बाईच्या कष्टातून जात होता.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. आकडा दिसला की हात शिवशिवतात. सहाशे ग्रॅमचे सहा रुपये. हंगामात वेचणीचे पन्नास दिवस धरले तर एका बाईचे ३०० रुपये. टोळीत बारा बाया, म्हणजे ३,६०० रुपये. शहरातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण ३०० रुपयांत लेकराच्या वर्षभराच्या वह्या येतात.

आणि इथे आमच्या हातून चूक झाली. ती लपवण्यात अर्थ नाही. वीस वर्षे मोर्चे काढलेले आम्ही, तिथल्या तिथे बांधावर उभे राहून भाषण ठोकले. शोषण, लूट, हक्क, सगळे शब्द काढले. मालकाचा चेहरा उतरला, मग तापला. मुलांनी मान खाली घातली. बायांपैकी एकही बोलली नाही. आम्हांला वाटले, भाषण परिणामकारक झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीतल्या दोघींना निरोप आला, की आज यायचे नाही. मापाच्या वेळी आमच्या बाजूला ज्या दोघी उभ्या होत्या, त्याच त्या.

दुपारी आजी ओसरीवर आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "दादा, तुमी रविवारी गाडीत बसचाल. आमाला सोमवारी त्याच बांधावर जायचंय." या वाक्यावर आम्ही निरुत्तर झालो. पाहणी करणारा जातो, ज्याची पाहणी झाली तो तिथेच राहतो. मुलांच्या वहीत त्या शेताचे नाव होते, मालकाचे नाव होते, बायांची नावे आणि छायाचित्रे होती. रात्री मुलांनी बसून ती नावे खोडली. अहवालात गाव ओळखू येईल असे काही ठेवायचे नाही, असे ठरले. हा त्यांच्या अभ्यासातला नियम होता म्हणे, पण तोपर्यंत तो त्यांना पाठ होता, समजला नव्हता.

धडप्याचा कोपरा

मग त्या बायांनीच वाट काढली. आजी म्हणाल्या, "भांडून कटती जात न्हाई. समदे धडपे सारखेच करा की."

मुले लगेच मानवतच्या बाजारात गेली. सोबत टोळीतल्या तिघी होत्या, त्यांत घरी बसवलेल्या दोघी. कापड निवडले बायांनी, शिवले टेलरने, मोजमापे घेतली मुलांनी. दुकानाच्या पायरीवर दीड दिवस हे काम चालले होते. दोन वस्तू तयार झाल्या. पहिली, कमरेला बांधायची सुती ओटी. खाली नाडी, नाडी सोडली की कापूस सरळ धडप्यावर पडतो, पुन्हा पुन्हा कमरेची गाठ सोडायला नको. वजन २५० ग्रॅम, पट्टे नाहीत, बाटलीचा कप्पा नाही. दुसरी वस्तू म्हणजे एकाच मापाचे, एकाच सुती कापडाचे बारा धडपे. प्रत्येक धडप्याच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने शिवलेले, "४०० ग्रॅम".

मालकाकडे यावेळी आम्ही गेलो नाही. आजी आणि भाची गेल्या. त्यांनी कटतीचा विषय काढलाच नाही. खताच्या प्लास्टिकच्या पोत्यांत कापूस भरला की पोत्याचे धागे रुईत मिसळतात आणि मालाची प्रत बिघडते, हे शेतकऱ्यालाही माहीत असते. सुती धडपा त्याच्याही फायद्याचा. मालकाने धडपा हातात घेतला, कोपरा वाचला, काट्याला लावून पाहिला. चारशेच भरला. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "बाजारात माझी बी कटती होतेच की." तेही खोटे नव्हते. २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, पण तो ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर. त्यावर ओल गेली की पैसे कापले जातात, आणि बारा टक्क्यांवर गेली की कापूस महामंडळ माल घेत नाही. वरचा खालच्याला कापतो आणि सगळ्यांत खाली बाई असते. तिच्या खाली कापायला कुणी नाही.

त्या दिवशी मापाच्या वेळी वहीत पहिल्यांदा साडेचोवीस असा आकडा लिहिला गेला. चारशे ग्रॅमची कटती अर्धा किलो धरली गेली, पण एक किलो नाही. घरी बसवलेल्या दोघींनाही दुसऱ्या दिवशीचे बोलावणे आले. कापूस फुटून उभा होता, हातांची गरज होती, हेही त्याचे कारण असणार. शेजारच्या शेतावरच्या मालकाने मात्र धडपे बघायलाच नकार दिला. तिथे अजून एक किलोच कापतात. जे घडले तेवढेच सांगतो, वाढवून सांगत नाही.

कामगाराला विचारून केलेले अवजार

परतीच्या गाडीत आम्ही मुलांना विचारले, की कामगारांना सोबत घेऊन अवजार घडवायचे, असे कुठे होते का? त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी आम्ही वहीत टिपून घेतल्या.

पहिली कॅलिफोर्नियाची. तिथे शेतमजुरांना बुटक्या दांड्याची कुदळ दिली जाई. दिवसभर कमरेत वाकून काम, म्हणून हजारोंच्या पाठी गेल्या. मालक म्हणत, पीक नीट निघायला हेच अवजार लागते. मजूर वाकलेला असला की काम करतो आहे हे मुकादमाला लांबून दिसते, हेही त्यामागे होते. मजुरांच्या आणि डॉक्टरांच्या साक्षी झाल्या आणि १९७५ साली ती कुदळ बंद झाली. दांडा लांब झाला, पीक तसेच निघत राहिले.

दुसरी स्वीडन-डेन्मार्ककडची. १९८१ ते १९८५ या काळात छापखान्यांत संगणक येऊ घातले होते. तिथल्या मुद्रण कामगारांच्या संघटनेने संशोधकांना सोबत घेतले आणि यंत्र येण्याआधीच पुठ्ठ्याची आणि लाकडाची खोटी यंत्रे मांडून त्यांवर काम करून पाहिले. पुठ्ठ्याचे यंत्र असल्याने कामगाराला भीती वाटत नसे. आवडले नाही तर कात्रीने कापून तो दुसरीकडे चिकटवी.

आम्हांला यावर जोतीराव फुल्यांची आठवण झाली. 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ त्यांनी १८८३ मध्ये पुरा केला, पण लिहिता लिहिता त्यातील भाग गावोगावी लोकांना वाचून दाखवले. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांच्या कानावर आधी घातले. आपल्याकडेही ही रीत होती, आपण तिला फक्त संशोधन म्हटले नाही.

आता वाचकांशी दोन शब्द. आपल्या घरांत पाहणीवाले येतात. कुणी सरकारी योजनेचे, कुणी महाविद्यालयाचे, कुणी संस्थेचे. आपण पाणी देतो, खुर्ची देतो आणि "सगळं ठीक आहे" म्हणतो. यापुढे पाणी आणि खुर्ची जरूर द्यावी. पण त्यांना विचारावे, की हे कागद कुठे जाणार? आमचे नाव त्यावर राहणार का? उत्तर परत सांगायला येणार का? आणि तुमच्या प्रश्नांत जे नाही ते आम्ही सांगितले तर लिहून घेणार का? मायबहिणींनी तर हे जरूर विचारावे.

आणि आता आपलीही मुले-मुली पाहणी करणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसू लागली आहेत. आमची भाची त्यांतलीच. तिची आजी याच शिवारात वेचणी करायची. नकाशात आपली घरे नाहीत हे त्या सहा जणांत तिलाच दिसले. मार्कांच्या कागदावर याला किती गुण मिळतील ते आम्हांला ठाऊक नाही. पुढे अहवालाच्या सादरीकरणात तिने आपल्या पहिल्या झोळीचे चित्रही लावले आणि खाली लिहिले, "ही कुणी वापरली नाही, कारण आम्ही चुकीचा प्रश्न विचारला होता." आमचे बांधावरचे भाषणही त्या अहवालात आहे. नाव खोडलेले आहे, तेवढी दया तिने केली.

मार्चमध्ये सासुरवाडीला जाणे झाले. पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, चुलीसाठी रचून ठेवल्या होत्या. आजींच्या घरी दोरीवर धडपा वाळत होता. उन्हाने आणि धुण्याने कापड विटले होते, कोपऱ्यावरचा लाल दोरा मात्र पक्का होता. आम्ही विचारले, "शेवटपर्यंत साडेचोवीसच लिहिलं का?"

"लिव्हलं," आजी म्हणाल्या. "अन् लिव्हताना मी वाचीत हुते."

आजींना वाचता येत नाही. पण तो एक आकडा त्यांनी नातीकडून शिकून घेतला होता.